पाचगणीचा बंगला आणि आठ जणांचं ऑफिस

नमस्कार ताई,

कोथरूडमध्ये आमचा छोटा स्टुडिओ आहे. शाळा-कॉलेजांसाठी आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणासाठी आम्ही व्हिडिओ बनवतो. मी आणि माझी मैत्रीण अशा दोघी भागीदार, शिवाय सहा जणांची टीम. मार्चअखेर ऑफिसचा करार संपतोय आणि मालक भाडं बरंच वाढवून मागताहेत. मैत्रिणीचं म्हणणं असं, की हे ऑफिस सोडू, पुण्यात को-वर्किंगमध्ये चार सीट घेऊ आणि पाचगणीत बंगला घेऊन दर महिन्याला दहा दिवस सगळ्यांनी वर राहून काम करू. बंगला तिने बघून ठेवलाय. महिना ५५ हजार भाडं, ११ महिन्यांचा करार, तीन महिन्यांचं डिपॉझिट, सहा महिने लॉक-इन (तेवढे दिवस करार सोडता येत नाही), राखणदाराचे १२ हजार वेगळे. तिथल्याच एका हॉटेलने दुसरा पर्याय दिलाय. सोमवार ते गुरुवार, दोघांत एक खोली, कामाला हॉल, नाश्ता, माणशी दिवसाला १,९०० रुपये, लॉक-इन नाही. बंगलेवाले १५ तारखेपर्यंत २५ हजार टोकन मागताहेत. मैत्रीण फार उत्साहात आहे. टीममध्ये उघडपणे कुणी नाही म्हणत नाही, पण त्यातल्या दोघींची मुलं लहान आहेत आणि एकाचे वडील आजारी असतात. मलाही वर जायला आवडेल, तरी पोटात गोळा येतो. काय करू?

– कोथरूडची एक वाचक

तुमचा पोटातला गोळा खरा आहे, त्याचं ऐका. बंगला घेऊ नका आणि टोकन तर अजिबात देऊ नका. पण डोंगरावर जाऊन काम करायची मैत्रिणीची कल्पना चांगली आहे, ती मोडू नका. हॉटेलच्या प्रस्तावावर घासाघीस करा आणि येत्या थंडीत एक आठवडा जाऊन बघा. वर जागा घ्यायची ती हंगामापुरती आणि दिवसांच्या हिशोबाने. वर्षभराचा भार डोक्यावर घ्यायचा नाही. असं का म्हणते ते सांगते, म्हणजे मैत्रिणीशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असेल.

आधी पैसे. भाडं ५५ हजार आणि राखणदार १२ हजार, म्हणजे महिन्याला ६७ हजार. ११ महिन्यांचे होतात ७ लाख ३७ हजार. वीज, इंटरनेट, स्वयंपाकाची बाई, गॅस, गाडीचं डिझेल यातलं काहीच अजून धरलेलं नाही. डिपॉझिटचे १ लाख ६५ हजार अडकून पडतात ते वेगळेच. आता हॉटेलच्या १,९०० रुपयांनी या रकमेला भागा. उत्तर येतं ३८८. वर्षात ३८८ माणूस-दिवस (एक माणूस एक दिवस राहिला की एक) तुम्ही वर राहिलात, तरच बंगला हॉटेलच्या बरोबरीला येतो. तुम्ही लिहिलेल्या अडचणी पाहता आठातले फार तर सहा जण नेमाने येतील. म्हणजे प्रत्येकाने वर्षात ६५ दिवस पाचगणीत काढायला हवेत.

कागदावर हे जमतं. महिन्याला दहा दिवस, पावसाळ्याचे चार महिने वगळून सात महिने, झाले सत्तर दिवस. पण कॅलेंडर उघडून बसा. त्या सात महिन्यांत दिवाळी आहे, लग्नसराई आहे, शाळांच्या परीक्षा आहेत, मार्चअखेरची बिलं आहेत आणि पुण्यात क्लायंटच्या आवारात करायची शूटिंग आहेत. खरे दिवस महिन्याला पाच निघाले, तर तोच बंगला माणशी दिवसाला साडेतीन हजारांना पडेल. हॉटेलचं तसं नाही. तुम्ही गेला नाहीत तर तुमचा रुपयाही जात नाही. थंड हवेच्या गावात मोकळी जागा कुणीतरी सोसतच असतं. करारावर सही करताना ती कोण सोसणार हेच ठरत असतं, आणि आठ जणांच्या स्टुडिओने ते ओझं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कराचंही लक्षात ठेवा. तुमची फर्म जीएसटीत नोंदलेली असेल आणि बंगल्याचे मालक नसतील, तर भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो. राहत्या घरांना हा नियम जुलै २०२२ पासून आहे आणि व्यापारी जागांना ऑक्टोबर २०२४ पासून. तुमच्या बाबतीत ते महिन्याला ९,९०० रुपये होतात. त्याचं क्रेडिट बहुतेक मिळेल, पण पैसे आधी खिशातून जातात, आणि छोट्या धंद्यात ‘आधी’ला फार किंमत असते. तुमच्या सीएंना दोन्ही प्रस्ताव दाखवा आणि हॉटेलला स्वच्छ विचारा, की १,९०० करासकट की कर सोडून.

आता पावसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुण्यातली माणसं इथेच फसतात. आपल्याकडे वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेवढ्यात आपण पावसाळा झाला म्हणतो. महाबळेश्वरात साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. २२ जुलै २०२१ च्या पावसात तिथे चोवीस तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. पुण्याचा जवळजवळ वर्षाचा पाऊस एका दिवसात! पाचगणी तिथून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला आहे आणि सह्याद्रीच्या धारेपासून तेवढी आत असल्याने तिथे पाऊस साधारण एक तृतीयांशावर येतो. म्हणून महाबळेश्वरापेक्षा पाचगणी निवडलीत ते शहाणपणाचंच. तरीही एक तृतीयांश म्हणजे पुण्याच्या दुपटीहून जास्त. जून ते सप्टेंबर धुकं खिडकीतून आत येतं, कपडे वाळत नाहीत, भिंती ओल धरतात. बाकीच्यांना हे रोमँटिक वाटेल. तुमच्याकडे कॅमेरे आहेत, लेन्सेस आहेत. ओलाव्याने लेन्सला बुरशी धरते आणि एकदा काचेवर जाळं पसरलं की साफसफाईनंतरही डाग राहू शकतात. सिलिका जेल घातलेले हवाबंद डबे किंवा ड्राय कॅबिनेट असल्याशिवाय पावसाळ्यात सामान वर ठेवायचंच नाही. आणि आवाज! पत्र्यावर धो-धो पाऊस पडत असताना कुणाचा तरी खणखणीत आवाज रेकॉर्ड करून दाखवा. त्या बंगल्याचं छप्पर पत्र्याचं असेल तर चार महिने तुमचं निम्मं काम तिथे होणारच नाही. भाडं मात्र चालू राहील.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचं सरकारसुद्धा उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचं आणि पावसाळ्यात खाली पुण्याला यायचं. गणेशखिंडीतली आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे तेव्हाचा गव्हर्नरचा बंगला. हाताशी अख्खा सरकारी खजिना असलेल्यांनी पावसाळा वर काढला नाही, हे मैत्रिणीला जरूर सांगा.

मग जायचं कधी? ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा दिवाळीची गर्दी टाळून, नोव्हेंबर, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. हवा कोरडी, आकाश निवळलेलं, स्ट्रॉबेरीचे दिवस. नाताळ ते एक जानेवारी, एप्रिल-मे आणि जोडून आलेल्या सुट्ट्या यांच्या वाटेला जाऊ नका. तेव्हा पसरणी घाटात आणि वेण्णा तलावाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि हॉटेलवालेही कामाचा हॉल लग्नाला देऊन मोकळे होतात. तुमचा फायदा उलट्या दिशेत आहे. पर्यटक रविवारी उतरतात, तुम्ही सोमवारी पहाटे चढा. ते शुक्रवारी संध्याकाळी चढतात, तुम्ही दुपारपर्यंत उतरा. खेड शिवापूर, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी असं शंभर किलोमीटरचं अंतर सोमवारी पहाटे अडीच-तीन तासांत होतं. सकाळी दहाला तुम्ही कामाला बसलेल्या असाल. हॉटेलने सोमवार ते गुरुवार हा दर दिला आहे तो उगीच नाही, त्या दिवसांत त्यांच्या खोल्या रिकाम्या असतात. म्हणजे १,९०० हा शेवटचा भाव नव्हे. चार-पाच फेऱ्यांचं आश्वासन द्या, पैसे मात्र प्रत्येक फेरीचे त्या-त्या वेळी द्या, आणि त्या बदल्यात रात्रीचं जेवण किंवा दर यातलं काहीतरी कमी करून घ्या.

हॉटेलशी बोलताना तीन गोष्टी लेखी घ्या. तोंडी ‘मॅडम, काही टेन्शन नाही’ यावर जाऊ नका. कामाचा हॉल तुमच्या दिवसांत दुसऱ्या कुणाला देणार नाही हे एक. कुठल्या तारखांना हा दर लागू नाही त्याची यादी आत्ताच हवी, हे दुसरं. आणि तिसरं, फेरी किती दिवस आधी रद्द केली तर पैसे परत मिळतील ते. हॉलमधल्या खुर्च्या बघून या. लग्नाच्या खुर्चीवर चार दिवस एडिटिंग केलं की पाठ आठवडाभर बोलते. टेबलाची उंची, प्लगपॉइंट किती आणि कुठे, आणि शेजारच्या लॉनवर डीजे लागतो का हेही विचारा.

इंटरनेटची चाचणी मात्र तुम्ही स्वतः, तुमच्याच फाइलवर करा. हॉटेलवाले ‘शंभरची लाइन आहे’ म्हणतात तो बहुधा डाउनलोडचा आकडा असतो, तुम्हाला हवा अपलोड. वीस जीबीची फाइल २० एमबीपीएस अपलोडने सव्वादोन तासांत जाते, ५ एमबीपीएसने जवळपास नऊ तास घेते. हा फरक म्हणजे संध्याकाळी काम पाठवून टेबललँडवर फिरायला जाणं आणि रात्रभर लॅपटॉपजवळ बसणं यातला फरक. चाचणी दुपारी एकदा करा आणि रात्री नऊला एकदा, जेव्हा सगळे पाहुणे खोल्यांत मोबाइल बघत बसलेले असतात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन आहेत का विचारा, कारण डोंगरात केबल खांबांवरून झाडांमधून येते आणि एक फांदी पडली की लाइन गेली. वीज गेल्यावर जनरेटर हॉलला आणि राउटरला जोडलेला आहे की फक्त लिफ्ट आणि स्वयंपाकघराला, हे बघायला मेन स्विच पाडून दाखवायला सांगा. संकोच करू नका. चार दिवसांचे सहा माणसांचे पैसे तुम्ही देणार आहात.

बंगल्याचा मोह तरीही सुटला नाही, तर सहीआधी काही कागद बघावेच लागतील. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केला. त्यामुळे तिथे बांधकामावर आणि जमिनीच्या वापरावर कडक बंधनं आहेत, आणि वाढवलेल्या खोल्या, बंद केलेले व्हरांडे, मागचे शेड यांवर कारवाई होत असते. ज्या हॉलमध्ये तुम्ही टेबलं मांडणार तो मंजूर नकाशात आहे का बघा. भोगवटा प्रमाणपत्र बघा. मालमत्ता पत्रक बघा. महाबळेश्वर भागातले बरेच जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत, तिथे मालकालाच पुढे भाड्याने द्यायचा कितपत अधिकार आहे हा प्रश्न येतो. विजेचं मीटर घरगुती असेल आणि तुम्ही तिथे ऑफिस चालवलंत, तर महावितरणच्या लेखी तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. ती कुणी भरायची यावर मग मालक आणि तुमच्यात वाद.

करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर तो नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज मिळवूनही तुमच्या बाबतीत दीड हजारांच्या आसपास होतं. एवढ्यासाठी कुणी ‘राहू द्या हो, नोटरी करू’ म्हणालं तर तिथेच उठा. आणि लॉक-इन दोन्ही बाजूंनी आहे का ते वाचा. अशा गावांत नेहमीचा प्रकार असा, की तुम्हाला सहा महिने बांधून ठेवलेलं असतं आणि मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर जागा परत मागू शकतो. मे महिन्यात एका रात्रीचं भाडं तुमच्या आठवड्याच्या भाड्याएवढं मिळत असेल, तर ती नोटीस कधी येईल हे तुम्हीच ओळखा.

पैशांचं आणि कागदांचं इतकं लिहिलं, पण माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तो, की टीममध्ये कुणी उघड नाही म्हणत नाही. मालकिणी दोघी, त्यातली एक एवढी उत्साहात, मग सहा जणांतलं कोण म्हणणार की मला नाही जमणार? लहान मुलाच्या आईला महिन्यातून दहा रात्री बाहेर राहायचं म्हणजे सासूबाईंना विचारायचं, नवऱ्याची शिफ्ट बघायची, पाळणाघराची वेळ वाढवायची, आणि एवढं करूनही मूल तापलं तर शंभर किलोमीटर आणि दोन घाट मध्ये आहेत. वडील आजारी असलेल्या मुलाचं तेच. ही माणसं तुमच्यापाशी हसून ‘मस्त आयडिया आहे’ म्हणतील आणि सहा महिन्यांनी राजीनामा देतील. कारण सांगतील ‘पर्सनल’.

म्हणून प्रत्येकाशी वेगळं बोला, मैत्रिणीला बरोबर न घेता. ‘येशील का?’ असं विचारलंत तर ‘हो’च येईल. ‘तुझ्या घरी काय काय बदलावं लागेल?’ असं विचारा. आणि आधीच सांगून टाका, की जाणं ऐच्छिक आहे, जो पुण्यात राहील त्याच्या कामाचं मोल, पगारवाढ, चांगले प्रोजेक्ट यात तसूभर फरक पडणार नाही. नुसतं सांगून भागणार नाही, तसं वागावं लागेल. वर ठरलेले निर्णय त्याच दिवशी लिहून खाली पाठवायचे, महत्त्वाची मीटिंग जेवणाच्या टेबलावर उरकायची नाही. कुणाला पहिले दोनच दिवस यायचं असेल तर येऊ द्या. स्वारगेटहून वाईमार्गे एसटी आहे, परतीची सोय करता येते. मुलाला आणि आजीला बरोबर आणायचं असेल, तर त्यांच्या खोलीचे पैसे फर्मने द्यावेत असं मी म्हणेन. बंगल्याच्या मानाने ते किरकोळ आहेत.

मुक्कामी राहायचं म्हटलं की जबाबदारीही वाढते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे कामानिमित्त गेलेली जागा आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा येते. म्हणजे पाचगणीतला हॉल, तिथल्या खोल्या, पसरणी घाटातली गाडी, सगळं तुमचं ऑफिसच. तुम्ही दहापेक्षा कमी आहात, त्यामुळे तक्रारीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ही माहिती सगळ्यांना लेखी द्या. खोल्या कोण कुणाबरोबर राहणार ते ज्याचं त्याला ठरवू द्या, आणि एखादीला एकटीची खोली हवी असेल तर कारण विचारू नका. दवाखान्याचं विचारून ठेवा. पाचगणीत रेड क्रॉसचं बेल-एअर रुग्णालय आहे, मोठं काही झालं तर वाईला उतरावं लागतं.

पुण्यातल्या ऑफिसचं म्हणाल तर तिथे मैत्रिणीचं बरोबर आहे. वाढीव भाड्याला मान तुकवण्याआधी को-वर्किंग बघाच. पण चार सीट पुरणार नाहीत. आठातले निम्मे जण सतत डोंगरावर असतील हे गृहीत धरून तो आकडा आलाय, आणि जूनमध्ये सगळेच खाली असणार. सहा सीट घ्या, दोन डे पासवर भागवा, आणि रेकॉर्डिंगला एक बंद केबिन ठरावीक तासांसाठी मिळते का बघा. जीएसटीच्या पत्त्यासाठी करार आणि ना-हरकत पत्र देणार का, हे पहिल्याच भेटीत विचारा, कारण काही जागा त्याचे वेगळे पैसे घेतात. सध्याच्या मालकांशीही एकदा बोला. जुना, वेळेवर भाडं देणारा भाडेकरू मार्चमध्ये गेला तर त्यांनाही दोन-चार महिने जागा रिकामी ठेवावी लागेल, हे त्यांना ठाऊक आहे.

मैत्रिणीला ‘नको’ म्हणू नका. तिच्यासमोर ३८८ चा आकडा ठेवा आणि म्हणा, ‘एक हंगाम हॉटेलमध्ये करू. फेब्रुवारीअखेर मोजू. माणूस-दिवस आपल्या अंदाजाच्या जवळ आले, तर पुढच्या ऑक्टोबरला बंगला मीच शोधीन.’ वर नेण्याचं कामही तिलाच निवडू द्या. नव्या कोर्सची आखणी, संहिता लिहिणं, वर्षाचं नियोजन ही चार दिवस एकत्र बसून करायची कामं. रोजचं एडिटिंग आणि क्लायंटच्या दुरुस्त्या कोथरूडमध्येच बऱ्या होतात.

बंगलेवाल्यांना आजच फोन करून सांगा, की १५ तारखेला टोकन देणार नाही. मैत्रिणीने आधीच काही दिलं असेल, तर पैसे बँकेतून गेलेत की रोख ते बघा, पावती मागा, आणि करार न झाल्यास ते परत मिळतील असं व्हॉट्सॲपवर त्यांच्याकडून लिहून घ्या. हे सगळं त्यांना ‘नाही’ कळवायच्या आधी.